चिनी पॅनलवरची आगीची अक्षरं: खरी कोणती, फसवी कोणती?

उद्यमबाग_ओतकाम यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. बेळगावच्या आमच्या ओतकामाच्या शेडमध्ये चिनी बनावटीची तीन यंत्रं आहेत: इंडक्शन भट्टी, कोअर (साच्यात बसवायचा वाळूचा गाभा) सुकवायचा ओव्हन आणि हीट ट्रीटमेंटची गॅसवरची भट्टी. पॅनलवर आणि पाट्यांवर सगळं फक्त चिनी. मोबाईलचा कॅमेरा धरला की ॲप भाषांतर करतं, पण निम्म्या ठिकाणी त्याला अर्थच नसतो. गॅसच्या नळीवर एक पितळी डबी आहे, तिला ॲप म्हणतं 'टेम्परिंग प्रतिबंधक'. टेम्परिंग म्हणजे कडक केलेलं पोलाद पुन्हा बेतानं तापवणं, गॅसच्या नळीला त्याचा काय संबंध? एका बटणाला 'ठिपका हालचाल' म्हणतं. वायरिंगच्या नकाशात 'आगीची तार' आहे.

बऱ्याच अक्षरांत डावीकडं एक खूण सारखी दिसते. दोन बाजूंना दोन ठिपके आणि मध्ये पाय फाकून उभा असलेला माणूस. ती म्हणे 'आग'. काही अक्षरांच्या बुडाला चार ठिपके असतात, तीही म्हणे आगच. मग आग दिसली की धोका समजायचा काय? ही खूण आली कुठून, तिच्यावरून अर्थ कसा काढायचा आणि कोशात अक्षर कसं शोधायचं, जाणकारांनी फोडून सांगा की. या मंचावर चिनी अक्षर चिकटवलं की नुसता चौकोन उमटतो, तेव्हा आकार शब्दांत आणि उच्चार देवनागरीत लिहावा ही विनंती.


अक्षरओळख_खानापूर

आधी उच्चाराबद्दल. रोमन लिपीत चिनी शब्द ज्या 'डी' आणि 'टी' नं लिहितात ते आपले त आणि थ आहेत, द आणि ट नव्हेत. 'बी' म्हणजे प, 'जी' म्हणजे क. मराठी माणसाला अल्पप्राण-महाप्राण कानाला आपोआप कळतात, त्यामुळं देवनागरीत लिहिणं उलट सोयीचं पडतं. सूर, म्हणजे उच्चारातले चढउतार, मात्र लिहीत नाही. पॅनल वाचायला ते लागत नाहीत.

आग म्हणजे हुओ. एकूण चार फराटे. क्रम असा: आधी डावीकडचा ठिपका, मग उजवीकडचा छोटा तिरपा फराटा, मग मधून निघून डावीकडं खाली जाणारा लांब फराटा, शेवटी त्याच्यातूनच उजवीकडं जाणारा पाय. बहुतेक जण आधी माणूस काढून मग ठिपके देतात. कागदावर त्यानं काही बिघडत नाही, पण मोबाईलच्या हस्तलेखन कळफलकावर क्रम चुकला की भलतीच अक्षरं पुढं येतात. अक्षर सापडत नसेल तर पहिली शंका क्रमाची घ्यावी.

हीच खूण जागेप्रमाणं रूप बदलते. आपल्या 'र' चं बघा: अर्कमध्ये डोक्यावर रफार, क्रमामध्ये पोटातली तिरपी रेघ, राष्ट्रामध्ये खाली घातलेली टोपी. र एकच, वेश तीन. कन्नड पाट्या वाचणाऱ्यांना तर ओत्तक्षर रोजचंच आहे. अक्षर खाली गेलं की त्याचा मूळ आकार ओळखूसुद्धा येत नाही. आगीचं तसंच. डावीकडं बसली की अंग चोरते, उजवा पाय आखडून ठिपक्याएवढा होतो. बुडाला गेली की बऱ्याचदा चार ठिपके होतात. त्यातला पहिला डावीकडं झुकतो, उरलेले तीन उजवीकडं. मात्र बुडाला नेहमी ठिपकेच असतात असं नाही. राख, कोळसा, विझवणं, आपत्ती या अक्षरांत खालीसुद्धा अख्खी आग आहे.

आता मुख्य मुद्दा. आगीची खूण बहुतेक वेळा फक्त जात सांगते, अर्थ सांगत नाही. उरलेला भाग बऱ्याचदा उच्चार सांगतो. ऐंशी टक्क्यांहून अधिक चिनी अक्षरं अशी अर्धी अर्थाची, अर्धी नादाची आहेत. वेल्डिंगचं अक्षर हान: डावीकडं आग, उजवीकडं 'दुष्काळ' या अर्थाचं अक्षर. त्याचाही उच्चार हान, म्हणून ते तिथं बसवलंय. 'आगीनं दुष्काळ पडतो म्हणून वेल्डिंग' अशा गोष्टी समाजमाध्यमांवर चित्रासकट फिरतात, त्यांच्या नादी लागू नका.

नादाची खूणसुद्धा कधी कधी तुटलेली असते. भट्टी म्हणजे लू. आजच्या सोप्या लिपीत तिच्या उजवीकडं 'दार' आहे, त्याचा उच्चार हू. जुन्या रूपात तिथं लू उच्चाराचं भलंमोठं अक्षर होतं. १९५६ नंतर चीनमध्ये लिपी सोपी करताना फराटे वाचवले आणि नाद गेला. दिवा म्हणजे तंग, त्याचं जुनं रूप सोळा फराट्यांचं आणि आताचं सहा. पॅनलवर 'इंडिकेटर लाइट' मध्ये शेवटचं अक्षर हेच असतं.

कोशात शोधायचं तर: आधी खूण ठरवा, इथं आग, चार फराटे. मग उरलेल्या भागाचे फराटे मोजा. विझवणं, म्हणजे म्ये, आगीवर एक आडवी रेघ, उरलेला एक. दिवा, उरलेले दोन. भट्टी, उरलेले चार. सुकवणं, होंग, उरलेले सहा. वितळणं, रोंग, उरलेले दहा. १७१६ च्या खांगशी कोशात २१४ खुणा आहेत आणि आगीचा क्रमांक ८६. चार ठिपक्यांची अक्षरंही तिथं आगीखालीच लावलेली असतात. मोजणीत चूक होते ती वळणावर. हात न उचलता आडवं जाऊन खाली वळलेला फराटा एकच धरायचा, दोन नाही. चौकोन म्हणूनच तीन फराट्यांचा, चारचा नाही. आकडा जुळला नाही तर एकानं कमी आणि एकानं जास्त अशी दोन्ही घरं बघा.


हीट_ट्रीटमेंट_अनगोळ

पितळी डबीबद्दल आधी सांगतो, कारण ती काढून टाकायचा विचार कुणाच्या मनात येऊ शकतो. तिच्यावर 'ह्वेइ-हुओ' असणार. ह्वेइ म्हणजे परतणं, आकार सोपा: मोठ्या चौकोनात छोटा चौकोन. हुओ आग. 'परतलेली आग'. या जोडशब्दाचे दोन अर्थ आहेत. पोलादाच्या कामात टेम्परिंग, गॅसच्या कामात ज्योत उलटी नळीत शिरणं, म्हणजे आपण ज्याला फ्लॅशबॅक म्हणतो ते. ॲपला संदर्भ कळत नाही, ते पहिला अर्थ उचलतं. तुमची डबी फ्लॅशबॅक अरेस्टर आहे. आत उलट प्रवाह अडवणारी झडप आणि ज्योत थंड करून विझवणारा सच्छिद्र धातूचा भाग असतो. तो काजळीनं तुंबला की गॅसचा दाब कमी पडतो आणि 'ही डबीच अडवते' म्हणून लोक ती काढून सरळ नळी जोडतात. तसं करू नका. तुंबली तर बदलायची.

हीट ट्रीटमेंटच्या भट्टीवर प्रोग्रॅम निवडायची जी चार नावं असतात त्या चारीत शेवटी आग आहे. पहिल्या अक्षरावरून ओळखायचं.

थ्वेइ-हुओ, 'आग मागं घेणं', म्हणजे ॲनीलिंग. पहिल्या अक्षराच्या डाव्या-खालच्या अंगाला होडीच्या तळासारखा लांब फराटा येतो, ती 'चालण्या'ची खूण. भट्टीतच सावकाश थंड करायचं.

चंग-हुओ, 'सरळ आग', म्हणजे नॉर्मलायझिंग, हवेत थंड. हे चंग सगळ्यात सोपं: पाच फराटे, सगळे आडवे-उभे. आपण मोजताना चार काड्या आणि पाचवी आडवी मारतो, तसे चिनी लोक हे अक्षर काढत पाचापाचानं मोजतात. त्यांच्या गोदामातल्या पेट्यांवर खडूनं हे दिसलं तर तो नॉर्मलायझिंगचा शेरा नसून मोजणी असते.

त्स्वेइ-हुओ म्हणजे हार्डनिंग, तेलात किंवा पाण्यात बुडवणं. पहिल्या अक्षराच्या डावीकडं पाण्याचे तीन थेंब. चिनी कारखान्यांत याला तोंडी 'चान-हुओ' म्हणतात, तेव्हा व्हिडिओ कॉलवर त्यांचा फिटर वेगळाच शब्द वापरतो असं वाटलं तर गोंधळू नका.

ह्वेइ-हुओ, चौकोनात चौकोन, टेम्परिंग.

घोटाळा होतो तो थ्वेइ आणि ह्वेइमध्ये. दोन्हीचा ढोबळ अर्थ 'मागं', आणि ॲप दोन्हीला कधी कधी 'रिटर्न फायर' म्हणतं. हार्डनिंग केलेला माल टेम्परिंगऐवजी ॲनीलिंगच्या प्रोग्रॅमवर चढला की कडकपणा पूर्ण उतरतो, आणि तो परत हवा तर हार्डनिंगपासून सगळं पुन्हा. अक्षराच्या भरवशावर न राहता तापमान बघा. टेम्परिंगचं तापमान पोलादाच्या रूपांतर-बिंदूच्या, म्हणजे ज्या तापमानाला त्याची आतली रचना बदलते त्याच्या, खालीच असतं, साधारण १५० ते ६५० अंश सेल्सिअस. प्रोग्रॅममध्ये ८०० च्या पुढचा आकडा असेल तर ते टेम्परिंग नव्हे.

इंडक्शन भट्टीवर 'रोंग' नीट बघा. रोंग तीन आहेत, उच्चार तंतोतंत एक. आगीची खूण असलेला रोंग म्हणजे उष्णतेनं वितळणं, धातूचा. तसंच अंग पण डावीकडं पाण्याचे तीन थेंब असलेला रोंग म्हणजे पाण्यात विरघळणं, मिठासारखं. तिसरा पूर्ण वेगळ्या आकाराचा, बर्फ वितळणं, एकजीव होणं. चिनी लोकही लिहिताना चुकतात. पॅनलच्या आतल्या बाजूला आगीचा रोंग आणि पुढं दोन अक्षरं, 'रोंग-त्वान-छी', दिसलं तर ते वितळणं वगैरे काही नाही, तो साधा फ्यूज. वितळून तुटणारं यंत्र. नाव मात्र चोख आहे.

आणि 'लोउ-लू' ही दोन अक्षरं पाठच करा. लोउ म्हणजे गळणं, डावीकडं पाण्याचे थेंब. लू म्हणजे भट्टी. भट्टीच्या आतल्या अस्तरातून वितळलेला धातू भोवतीच्या विजेच्या कॉइलकडं निघाल्याचा तो इशारा. हा दिवा लागला की 'सेन्सर बिघडलाय' म्हणून वायर काढून ठेवणारे लोक असतात. आधी मेल्टर आणि मेंटेनन्स दोघांना बोलवा.


वायरमन_हिंडलगा

'आगीची तार', हुओ-श्येन, म्हणजे फेज, जिवंत तार. शून्याची तार म्हणजे न्यूट्रल, जमिनीची तार म्हणजे अर्थिंग. अक्षर कळलं की संपलं असं समजू नका, खरा धोका रंगात आहे. चिनी थ्री फेजमध्ये फेज पिवळा, हिरवा, लाल. न्यूट्रल फिका निळा. अर्थ पिवळा-हिरवा पट्ट्यांचा. आपल्याकडं लाल-पिवळा-निळा फेज, काळा न्यूट्रल, हिरवा अर्थ. म्हणजे त्यांची हिरवी तार जिवंत आणि आपली हिरवी तार अर्थ. त्यांचा निळा न्यूट्रल आणि आपला निळा फेज. आपल्या सवयीनं चिनी पॅनलची नुसती हिरवी तार बॉडीला जोडली तर बॉडीच जिवंत होते. मीटर लावल्याशिवाय स्क्रूला हात नाही.

'ठिपका हालचाल' म्हणजे त्येन-तोंग, जॉगिंगचं बटण. दाबलं तेवढंच फिरतं, सोडलं की थांबतं. भट्टी कलती करायच्या पंपावर असतं.


उद्यमबाग_ओतकाम

वा, उपकार झाले. पण त्या 'ठिपका' अक्षराच्या बुडाला चार ठिपके आहेत की. मोटर जरा फिरवायला आग कशाला? आणि ओव्हनच्या सेन्सरवर एक अक्षर आहे, वर आडवा उलटा कंगवा आणि खाली अख्खी आग. त्यालाही ॲप 'आत्मा' म्हणतं!


लिपीवेडा_निपाणी

छान जागी बोट ठेवलंत. चार ठिपके म्हणजे आग, हे अर्धसत्य आहे.

त्येन म्हणजे ठिपका. जुन्या रूपात डावीकडं 'काळा' हे अख्खं अक्षर होतं: काळा डाग म्हणजे ठिपका. सोपं करताना काळ्याचे फक्त चार ठिपके उरले. म्हणजे ते काळ्याकडून आले. मग काळ्यात तरी आग आहे काय? इ.स. १०० मध्ये शू शेन यानं पूर्ण केलेल्या कोशात, जिथून बहुतेक पारंपरिक व्युत्पत्त्या येतात, असं दिलंय की धुरानं माखलेली खिडकी, खाली ज्वाळा, म्हणून काळा. ऐकायला पटतं. पण शू शेननं शांग राजवटीतली हाडांवर कोरलेली जुनी लिपी (तिच्याबद्दल पुढं सांगतो) पाहिली नव्हती. ती उजेडात आली १८९९ मध्ये. तिच्यात आणि जुन्या कांस्यलेखांत दिसतो तो माणूस, तोंडावर खुणा असलेला. आज बरेच अभ्यासक हे तोंड गोंदलेल्या माणसाचं चित्र मानतात. काजळी नंतरची.

तसंच घोडा, मासा, पक्षी यांच्या जुन्या रूपांत बुडाला चार ठिपके आहेत. घोड्याचे पाय, माशाची शेपटी, पक्ष्याची नखं. आगीशी काडीचा संबंध नाही. चीनच्या सोप्या लिपीत या तिघांचे ठिपके जाऊन एक आडवी रेघ झाली, म्हणून पॅनलवर ते फसवणार नाहीत. पण यंत्र तैवानचं असेल तर जुनी रूपंच भेटतील. पाकोळीच्या अक्षरात मात्र आजही चार ठिपके आहेत, ती दुभंगलेली शेपटी.

उलट ठिपके खरोखर आगीचे कुठं? तापलेला, शिजवणं, वाफवणं, तळसणं, करपणं, उजळणं. करपणं म्हणजे च्याओ: वर आखूड शेपटीचा पक्षी, खाली आग. कोक हा जो तुमचा कोळसा, त्याच्या चिनी नावात पहिलं अक्षर हेच. मराठीत 'करपलेला कोळसा' म्हणा.

सेन्सरवरच्या अक्षराचा उच्चार लिंग. त्याच्यामागं 'मिन' आणि 'तू' असणार, तिन्ही मिळून 'संवेदनक्षमता', सेन्सिटिव्हिटीचा स्क्रू. 'आत्मा' हा सुट्या अक्षराचा अर्थ. त्याचं जुनं रूप चोवीस फराट्यांचं होतं आणि त्यात आग नव्हतीच. सोपं करताना उच्चार जुळतो म्हणून हे छोटं अक्षर उसनं घेतलं. तिथं आग म्हणजे भाडेकरू.

आता मूळ आकार. शांग राजवटीत, इ.स.पू. १२०० च्या आसपास, आजच्या आनयांगजवळ कासवाच्या पोटाकडचं कवच आणि बैलाच्या खांद्याचं हाड भविष्य विचारायला वापरत. मागच्या बाजूनं खाचा करायच्या, तिथं निखाऱ्याचा चटका द्यायचा, की पुढच्या बाजूला तडा जातो. एक उभी चीर, तिला बाजूला छोटा फाटा. 'कौल लावणं' याचं चिनी अक्षर, पू, हे त्या तड्याचंच चित्र आहे. त्या तड्यांशेजारी प्रश्न कोरले, आणि आज हाती असलेलं चिनी लेखनातलं सगळ्यात जुनं मोठं भांडार ते. म्हणजे ही अक्षरं टिकली तीच आगीच्या कृपेनं, हे मला तरी फार आवडतं.

त्या हाडांवर आग म्हणजे तीन टोकांची ज्वाळा, तळ गोलसर. डोंगर म्हणजे तीन टोकंच, तळ सपाट. कोरणाऱ्याचा हात घाईत असला की दोन्ही एक दिसतात, आणि वाचणारे आजही तिथं अडखळतात.

तुमच्या धंद्याचं अक्षर तर बघाच. ओतकाम म्हणजे चू. आज त्यात आगीची खूण नाही, डावीकडं धातूची आहे. जुन्या रूपात मात्र अख्खा शेड आहे: वर दोन हातांनी उलटं धरलेलं भांडं, मध्ये आग, खाली ज्यात ओतायचं ते भांडं. लॅडल (धातू ओतायचं भांडं), उष्णता, साचा. तीन हजार वर्षांपूर्वीचं.

आणि धातू गाळणं, ये. याच्या डावीकडं दोन थेंब आहेत, ती बर्फाची खूण! धातू वितळतो तो बर्फासारखा, अशी जुनी समजूत दिलेली आहे. दोनाऐवजी तीन थेंब घातले की ते पाण्याचे होतात आणि अक्षर बदलून 'कारभार चालवणं' होतं. अंधुक प्लेटवर हे हमखास चुकतं. पॅनलवर 'कारभार धातू' असं विचित्र भाषांतर आलं तर दोन थेंबांचं अक्षर तीनचं वाचलं गेलंय.

एक शेवटचं, कारण ते सुंदर आहे. 'रान' म्हणजे जळणं. मूळ अक्षरात मांस, कुत्रा आणि खाली चार ठिपक्यांची आग, म्हणजे भाजणं. पुढं याच उच्चाराच्या 'असं, तसं' या शब्दासाठी ते अक्षर उसनं गेलं ते परत आलंच नाही. जळण्यासाठी मग त्याच्याच डावीकडं आणखी एक आग लावली. त्यामुळं 'ज्वलनशील' या पाटीवरच्या दुसऱ्या अक्षरात आग दोनदा आहे, डावीकडं आणि खाली. सोळा फराटे. ओळखायला हीच खूण धरा.


शहापूर_मंद_आच

स्वयंपाकघराची बाजू राहिली. मंद आचेला चिनीत 'वन-हुओ', शब्दशः पंडिताची आग, आणि भडक आचेला 'ऊ-हुओ', लढवय्याची आग. कुंदा आटवताना कोणती लागते हे इथं सांगायला नको. आच साधण्याला 'हुओ-होउ'.

चुलीचं अक्षर, त्साओ, डावीकडं आग आणि उजवीकडं माती. एवढं सरळ अक्षर क्वचितच भेटतं. डावीकडं 'माणूस' आणि उजवीकडं आग असलेलं अक्षर म्हणजे सोबती. थांग काळातल्या सैन्यात दहा जणांच्या टोळीला 'हुओ' म्हणत, सगळे एका चुलीवर जेवणारे. आपल्याकडं भाऊ वेगळे झाले की चुली वेगळ्या झाल्या म्हणतात, तेच उलट्या बाजूनं.

शिवाय हुओ-छ म्हणजे आगगाडी, हुओ-शिंग म्हणजे आगीचा तारा, म्हणजे मंगळ. आपण त्यालाच अंगारक म्हणतो. आग आणि डोकं मिळून 'फान', वैतागणं. डोकं तापलं की. दोन आगी एकावर एक, येन, म्हणजे दाह. न्यूमोनियाच्या नावात तेच अक्षर येतं, तेव्हा औषधाच्या खोक्यावर दोन आगी दिसल्या म्हणून औषध ज्वलनशील नसतं.


वास्तूप्रेमी_चिकोडी

मंडळी, चिनी पंचतत्त्वांत अग्नी आहे, मग पॅनल किंवा भट्टी आग्नेयेला ठेवायची म्हणजे दोन्ही शास्त्रांना चालेल ना?


लिपीवेडा_निपाणी

नाही काका, तिथं दिशा दक्षिण आहे. चिनी पाच म्हणजे लाकूड, आग, माती, धातू, पाणी. आकाश नाही, वायू नाही. त्यांना 'शिंग' म्हणतात, म्हणजे चाल. पदार्थापेक्षा चाल महत्त्वाची: लाकडातून आग, आगीतून राख म्हणजे माती, मातीतून धातू, धातूतून पाणी, पाण्यातून लाकूड. आग धातूला जिंकते, पाणी आगीला. आगीचा रंग लाल, ऋतू उन्हाळा, चव कडू, अवयव हृदय.

याचा अक्षरांशी खरा संबंध नावांत दिसतो. चू शी (११३०–१२००) या तत्त्ववेत्त्याच्या घरात बापाच्या नावात लाकडाची खूण, त्याच्या स्वतःच्या नावात आगीचे चार ठिपके, मुलांच्या नावांत माती, नातवांच्या नावांत धातू. पिढी मोजायची सोय. तिथं आग असण्याचं कारण बापाच्या नावातलं लाकूड, माणसाचा तापट स्वभाव नव्हे.

वर्षांच्या चक्रात 'पिंग' आणि 'तिंग' ही दोन अक्षरं आगीची मानतात, आकारात आग नसूनही. म्हणून पत्राच्या शेवटी 'पिंगच्या हवाली करा' असं लिहिलं की त्याचा अर्थ वाचून जाळून टाका. १७ फेब्रुवारी २०२६ ला सुरू झालेलं चिनी वर्ष पिंगचं आणि घोड्याचं, म्हणून 'आगीचा घोडा'. असं आधीचं वर्ष १९६६. त्या वर्षी मुलगी नको या समजुतीपायी जपानात जन्मांची संख्या एकदम घसरली होती.

भट्टी मात्र क्रेन, पाणी आणि वायरिंग बघून ठेवा.


उद्यमबाग_ओतकाम

एक शेवटचं. भिंतीवरच्या लाल पाटीवर चार अक्षरं आहेत, तिसऱ्यात डावीकडं आग आणि चौथं नुसतं हुओ. आणि ओव्हनच्या दारावर पिवळ्या त्रिकोणाखाली चार अक्षरं, तिसऱ्याच्या बुडाला अख्खी आग, तिच्यावर पाण्याचे थेंब.


हीट_ट्रीटमेंट_अनगोळ

पहिली: 'चिन-च येन-हुओ'. येन म्हणजे धूर, सिगारेटसुद्धा तीच. विडी-सिगारेट आणि उघडी ज्योत बंद. गॅसच्या सिलिंडरांपाशी ती पाटी हवीच, मराठी-कन्नडमध्येही लावा. दुसरी: 'तांग-शिन थांग-शांग', भाजण्यापासून सावध. थांगमध्ये वर गरम पाणी, खाली आग. दार उघडताना हातमोजे, आणि आधी थोडं फटीपुरतं उघडून वाफ जाऊ द्यायची.

पॅनलवर आता मराठी पट्ट्या चिकटवणार असाल तर मूळ अक्षर झाकू नका, बाजूला लावा. उद्या चीनहून कुणी फोनवर मदत करताना त्याला तुमची पट्टी वाचता येणार नाही. आणि ओव्हनच्या दारावर कागदी पट्टी नको, पत्र्यावर ठोकलेली.